यंत्राचं ऐकायला शिकू या

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या साखरा या गावचा. माझ्या लहानपणी गावातली यंत्रं बोटांवर मोजता यायची. पिठाची गिरणी, एखाद-दुसरं इंजिन आणि शिंप्याची शिलाई मशीन, झालं. आज विहिरीवर मोटार आहे, ट्रॅक्टर आहे, मळणी यंत्र आहे, हळद शिजवायचा कुकर आहे. यंत्रं वाढली तसे त्यांच्यासोबत दोन शब्दही गावात रुळले. ते म्हणजे 'बंद पडलं'. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडतो, पाण्याच्या पाळीला मोटार जळते आणि हळद शिजायला घातली की नेमका कुकर गळतो. मग मिस्तरीची शोधाशोध सुरू होते.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. यंत्राच्या विषयावर मी बोलावं हे तुम्हाला जरा नवल वाटेल. मलाही वाटतं. पण या विषयाने माझ्या घरात शिरकाव केला तो माझ्या भाच्यामुळे.

भाचा मेकॅनिकलचा इंजिनिअर, बी. ई. एका साखर कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन गाळप हंगामात रात्री दोनच्या सुमारास गिरणीच्या एका गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. गाळप थांबलं ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत. गव्हाणीबाहेर ऊसाच्या गाड्यांची रांग लागली. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उताराही पडतो. बैलगाडीवाले ऊसतोड कामगार थंडीत शेकोटीभोवती बसून राहिले, कारण गाडी रिकामी होत नाही तोवर दुसरी खेप नाही आणि खेप नाही तर मजुरी नाही.

भाचा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "मामू, ते बेअरिंग आठ दिवसांपासून आवाज करत होतं. तीन पाळ्यांतल्या तीन माणसांनी तो ऐकला होता. पण कुणी लिहून ठेवला नाही, कुणी कुणाला सांगितला नाही. मीसुद्धा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मला दुरुस्ती येते. पण यंत्र मोडायच्या आधी काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही."

श्रोतेहो, दुरुस्ती आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती मोडल्यावर होते, देखभाल मोडू नये म्हणून असते. आणि देखभाल नेमकी केव्हा, कशाची, किती करायची हे अनुभवाबरोबर गणिताने ठरवणारं जे शास्त्र आहे, त्याला इंग्रजीत मेंटेनन्स अँड रिलायबिलिटी इंजिनिअरिंग म्हणतात. आपण त्याला देखभाल आणि भरवसा यांचं शास्त्र म्हणू.

हे काही आपल्या मातीला अगदी परकं नाही. जुन्या गावगाड्यात सुतार आणि लोहार यांना शेतकरी वर्षाच्या धान्याचं बलुतं देत असे. औत किती वेळा मोडलं, यावर त्यांची मजुरी ठरत नसे. वर्ष सुरळीत गेलं तरी बलुतं तेवढंच. म्हणजे औत न मोडण्यात सुताराचाही फायदा होता. त्या व्यवस्थेत जातीचे काच होते, अन्याय होता, ती परत यावी असं मी मुळीच म्हणणार नाही. पण देखभालीचा एक हिशेब तिच्यात होता. आज आपण मिस्तरीला पैसे देतो ते मोडल्यावर. न मोडल्याबद्दल कुणी कुणाला पैसे देत नाही.

आता भरवशाचं गणित पाहू. समजा एका कारखान्यात दहा यंत्रं एकापुढे एक अशी साखळीने लावली आहेत. ऊस एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. एकही थांबलं तर सगळं थांबतं. प्रत्येक यंत्र दिवसभर न थांबता चालेल याची शंभरात नव्याण्णव खात्री आहे. ऐकायला किती छान वाटतं! पण दहाही यंत्रं दिवसभर चालतील याची खात्री काढायला नव्याण्णव टक्क्यांचा दहा वेळा गुणाकार करावा लागतो. उत्तर येतं सुमारे नव्वद टक्के. म्हणजे सरासरीने दर दहा दिवसांत एक दिवस कारखाना कुठेतरी अडणार. आणि साखळीत अशी शंभर यंत्रं असतील तर ही खात्री सदतीस टक्क्यांच्याही खाली येते. प्रत्येक जण म्हणतो, माझं यंत्र उत्तम आहे, आणि तरीही कारखाना रडतो, त्याचं कारण हे आहे.

याच्या उलटही होतं. पाण्याचा एक पंप आहे, त्याचा भरवसा नव्वद टक्के. त्याच्या शेजारी तसाच दुसरा पंप तयार ठेवला, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता शंभरात एक उरते. भरवसा नव्याण्णव टक्क्यांवर जातो. मात्र दोन्ही पंपांची वीज एकाच डीपीवरून येत असेल, किंवा दोन्ही एकाच आटलेल्या विहिरीत सोडलेले असतील, तर हे गणित कोसळतं. आपल्या मराठवाड्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे सगळे संच पाण्याअभावी बंद करावे लागले. संच अनेक होते, पण सगळ्यांची तहान एकच होती. म्हणून या शास्त्रात नुसतं यंत्र पाहत नाहीत, यंत्र ज्याच्यावर जगतं ते सगळं पाहतात.

दुसरी एक गोष्ट मला फार चकित करणारी वाटली. आपल्याला वाटतं, यंत्र माणसासारखं म्हातारं होतं आणि मग बिघडतं. म्हणून ठरावीक तासांनी भाग बदलून टाकले की झालं. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्स या विमान कंपनीतल्या नोलन आणि हीप या दोन अभियंत्यांनी विमानांच्या भागांची बारकाईने पाहणी केली आणि १९७८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. वयामुळे झिजून बिघडणारे भाग त्यांना शंभरात सुमारे अकराच सापडले. उरलेले एकोणनव्वद बिघडण्याचा वयाशी थेट संबंध नव्हता. उलट मोठा हिस्सा असा होता की भाग नवा बसवल्याबरोबर बिघडण्याची भीती सर्वांत जास्त. म्हणजे चांगला चाललेला भाग केवळ तारीख आली म्हणून काढून नवा घातला, तर काही वेळा आपण संकट विकत घेतो.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनच्या किनारा संरक्षक विमानदलाच्या अभ्यासात वॉडिंग्टन यांना असंच दिसलं होतं. ते मुळात जीवशास्त्रज्ञ. विमानांची ठरावीक तासांनी तपासणी व्हायची आणि तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढायचे, पुढे हळूहळू कमी व्हायचे. कारण साधं होतं. उघडझाप करताना काही ना काही बिघडत होतं. आपल्याकडेही म्हणतात ना, चालत्या गाडीला खीळ घालू नये!

मग करायचं काय? यंत्राची तब्येत पाहायची. डॉक्टर जशी नाडी पाहतो, ताप पाहतो, रक्त तपासतो, तसं. बेअरिंगचं कंपन मोजायचं, उष्णता मोजायची, वंगणाच्या तेलात धातूचा चुरा येतोय का ते पाहायचं, आवाज ऐकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते लिहून ठेवायचं. आजचा आकडा एकटा काही सांगत नाही. गेल्या दहा दिवसांचे आकडे एकाखाली एक मांडले की यंत्र बोलायला लागतं.

हे सगळं शिकायचं कुठे, हा भाच्याचा प्रश्न होता. हा विषय भारतात आहे. खरगपूरच्या आयआयटीने १९८० च्या दशकातच रिलायबिलिटी इंजिनिअरिंगसाठी स्वतंत्र केंद्र उभं केलं. पण तिथे शिकायला नोकरी सोडून जावं लागतं. घरात म्हातारे आईवडील, धाकट्या बहिणीचं शिक्षण, डोक्यावर कर्ज. हे शिक्षण पूर्ण वेळ घेणं त्याला शक्य नव्हतं.

तेव्हा त्याने ऑस्ट्रेलियाची एक माहिती मला सांगितली. मेलबर्नच्या पूर्वेला लॅट्रोब खोरं आहे. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्रांचा मुलूख, आपल्या परळी-चंद्रपूरसारखा. तिथे मोनॅश विद्यापीठाची गिप्सलँड शाखा होती. तिने देखभाल आणि भरवसा याच विषयाचं पदव्युत्तर शिक्षण टपालाने, अर्धवेळ देण्याची सोय केली होती. वीज केंद्रांत वर्षानुवर्षं काम केलेले रे बीबी यांच्यासारखे अभियंते तिथे शिकवत. पंपांची तब्येत कशी पाहावी यावरचं त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. ती शाखा २०१४ मध्ये फेडरेशन विद्यापीठात गेली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठानेही या विषयात दूरशिक्षण दिलं आहे.

हे ऐकून मी विचार केला की हा विषय दूरशिक्षणाला इतका का मानवतो? उत्तर त्याच्या स्वभावातच आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला रुग्ण लागतो, तसं या विद्यार्थ्याला चालतं, झिजतं, कुरकुरतं यंत्र लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मोटार दिवसातून तासभर चालते, ती बिघडणार कधी? खरी प्रयोगशाळा कारखान्यात आहे आणि हा विद्यार्थी तर रोज आठ तास तिथेच असतो. रात्री पुस्तकात वाचलेलं सकाळी पाळीवर ताडून पाहता येतं. अभ्यासाचा प्रकल्प म्हणून त्याला खोटं उदाहरण शोधावं लागत नाही. वर्गात बसलेल्याला जे मिळत नाही ते त्याच्याकडे आहे. त्याच्याकडे नसतो तो वेळ.

दूरशिक्षणाबद्दल मला स्वतःला आदर आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. माझी बी. ए. त्याच विद्यापीठाची. दिवसभर काम, रात्री कंदिलाशी पुस्तक, आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संमंत्रकांचा तास. माझ्यासारख्या हजारो जणांच्या घरात पदवी आली ती या वाटेने. म्हणून भाच्याने एक दिवस जाहिरात दाखवली, 'नोकरी करता करता एम. टेक., घरबसल्या', तेव्हा मीच म्हणालो, "घे प्रवेश. पैशाचं मी बघतो."

श्रोतेहो, माझी चूक इथे झाली, आणि आजच्या या बोलण्याचं खरं कारण तेच आहे. बी. ए. आणि एम. टेक. यांना एकच नियम लागू नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

आपल्या देशात अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देण्याला मान्यता नाही. तंत्रशिक्षणाची शिखर परिषद, म्हणजे एआयसीटीई, ही भूमिका वर्षानुवर्षं मांडत आली आहे. तरीही काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या त्या खटल्याचा निकाल ३ नोव्हेंबर २०१७ रोजी लागला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या तशा पदव्या रद्द ठरल्या. ज्यांनी त्या पदव्यांवर बढत्या घेतल्या होत्या, लग्नं ठरवली होती, कर्जं काढली होती, त्यांच्यावर काय गुदरलं असेल याचा विचार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतही अभियांत्रिकी ही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता न येणाऱ्या विषयांत आहे.

पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी भाच्याच्या एका वरिष्ठाने त्याला थांबवलं, म्हणून आम्ही वाचलो. सगळे वाचत नाहीत. तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे की जाहिरात कितीही गोड असो, आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या आणि एआयसीटीईच्या संकेतस्थळावर ती संस्था आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही पाहा. संस्थेला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे, असं नाही. आणि आपल्या मालकाकडून लेखी विचारून घ्या की ही पदवी बढतीला चालेल का. परदेशी दूरशिक्षणाची पदवी घेणार असाल तर तिला इथे समकक्षता मिळते का, हेही फी भरण्याआधीच विचारा.

मग वाट बंद आहे का? नाही. जरा वळणाची आहे. २०२३ पासून एआयसीटीईने नोकरदारांसाठी मान्यताप्राप्त कॉलेजांत सोयीच्या वेळी अभियांत्रिकीचे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे. ते दूरशिक्षण नाही, कॉलेजात जावं लागतं, पण नोकरी सोडावी लागत नाही. पिलानीची बिट्स ही संस्था १९७९ पासून कामाशी जोडलेले अभ्यासक्रम चालवते आहे. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्यांसाठी राज्याच्या बाष्पके संचालनालयाची बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा आहे.

आणि ज्याला पदवीपेक्षा विद्या हवी आहे त्याच्यासाठी आयआयटींचा एनपीटेल हा उपक्रम आहे. २००३ च्या सुमारास तो सुरू झाला. यंत्रांचे बिघाड ओळखण्यावरचा खरगपूरच्या प्राध्यापकांचा अख्खा अभ्यासक्रम मोबाइलवर फुकट पाहता येतो. दर आठवड्याला स्वाध्याय असतो. प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. ही पदवी नव्हे, हे लक्षात ठेवावं. पण शिकवणारा माणूस तोच, जो आयआयटीच्या वर्गात शिकवतो.

भाच्याने ही शेवटची वाट धरली. पहाटे पाचला उठायचा. आमच्याकडे आला की मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माळवदावर बसायचा. भाषा इंग्रजी, गणित अवघड. पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला. एक दोनशे पानी वही केली. तिच्यात प्रत्येक यंत्राला दोन पानं. तारीख, वेळ, उष्णता, कंपन, आणि शेवटच्या रकान्यात पाळीवरच्या माणसाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. 'घरघरतंय', 'दाणे वाजल्यासारखं', 'आज गरम हाय'. मी ती वही वाचली. एका बेअरिंगची उष्णता बासष्ट, त्रेसष्ट, सहासष्ट, एकाहत्तर अशी चढत गेलेली दिसत होती. साफसफाईसाठी कारखाना थांबायचाच होता, त्या दिवशी ते बेअरिंग काढलं. आतली कडी तडकलेली निघाली. दोन-तीन तासांत काम उरकलं.

त्या रात्री कारखान्यात काहीच घडलं नाही. गाड्यांची रांग लागली नाही, शेकोट्या पेटल्या नाहीत, कुणाची खेप बुडाली नाही. आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणी त्याची पाठही थोपटली नाही. या कामाचं हेच दुखणं आहे. मध्यरात्री यंत्र सुरू करून देणारा सगळ्यांना दिसतो. यंत्र बंद पडूच न देणारा कुणाला दिसत नाही. पुढे बढतीचा अर्ज आला तेव्हा त्यात रकाना होता, 'मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी'. त्याच्यापुढे त्याला रेघ मारावी लागली.

मी त्याला खोटी समजूत घातली नाही. विद्या मोठी की कागद मोठा, असा प्रश्न विचारायला सोपा असतो. पण कागदावर पगार ठरतो, आणि पगारावर घर चालतं. आता तो नोकरदारांसाठीच्या वर्गाची चौकशी करतो आहे. मला वाटतं, हा भार त्याने एकट्याने का उचलावा? त्याच्या शिकण्याने कारखान्याचे तास वाचतात, तर कारखान्याने त्याची निम्मी फी आणि आठवड्यातली एक मोकळी दुपार द्यायला काय हरकत आहे? एका रात्रीच्या बंदीत जेवढं नुकसान होतं, त्यापुढे ही रक्कम किरकोळ ठरावी.

हा प्रश्न फक्त साखर कारखान्यांचाही नाही. आमच्या शिवारापासून येलदरी फार लांब नाही. तिथलं साडेबावीस मेगावॅटचं जलविद्युत केंद्र १९६० च्या दशकातलं आहे. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील आणि त्यांच्या नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली असेल. ही निर्वात अवस्था वर्षानुवर्षं टिकवायची म्हणजे पंप, झडपा, जोड यांची अखंड देखभाल आली. ते काम करणाऱ्यांत हिंगोलीची, सेनगावची पोरं असावीत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी त्यांनी हे शास्त्र आजच हाती घ्यायला हवं.

आणि ज्यांना कुठलाही अभ्यासक्रम करायचा नाही, अशा माझ्या शेतकरी भावांना एवढंच सांगतो. उद्या मोटारीपाशी, कुकरपाशी, ट्रॅक्टरपाशी एक वही टांगा. तेल कधी घातलं, आवाज कधी बदलला, काय बदललं, दोन शब्दांत लिहा. हळदीच्या कुकरची सुरक्षा झडप मोकळी आहे की नाही हे जाणकाराकडून हंगामाआधी बघून घ्या, कारण तिथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो. भाच्याच्या कारखान्यात त्या रात्री तीन माणसांनी आवाज ऐकला होता. त्यातल्या एकाने लिहिला असता तरी पुरलं असतं.